बँकेचा दिवस

गटाची बचत भरायला या महिन्यात बँकेत कुणी जायचं, या एका प्रश्नावर आपल्या कर्जत-खालापूरच्या बैठकांचा किती वेळ जायचा, आठवतंय? एकीकडे पाहुणे, एकीची आवणी, एकीचे गुडघे दुखतात. मी या कामाला लागले तेव्हा आमच्या गटात चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या. एक दिवसाची मजुरी बुडते हे कारण खरंच होतं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती काच, आणि काचेपलीकडचा माणूस काय बोलेल त्याची धास्ती.

ही धास्ती जुनी आहे. १९ जुलै १९६९ ला सरकारने चौदा मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पुढे खेड्यापाड्यांत शाखा आल्या. पण कर्जाला तारण लागायचं. सातबारावर नाव सासऱ्याचं नाहीतर नवऱ्याचं. बाई बँकेत जायची ती त्यांच्या मागून, अंगठा उठवण्यापुरती.

मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायका गिरणी कामगारांना जेवण घालायच्या. धान्य उधारीचं, पैसा सावकाराचा. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेलं. पोळ्या लाटणाऱ्या बाईला बँकेने कर्ज द्यायचं, ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती.

मला सगळ्यात आवडते ती मात्र म्हसवडची गोष्ट. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, दुष्काळी. तिथली एक लोहारकाम करणारी बाई रोज थोडे पैसे साठवायचे म्हणून बँकेत गेली. पावसाआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता तिला. एवढ्याशा रकमेचं खातं उघडायला बँकेने नकार दिला. तेव्हा चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची स्वतःची बँक काढायचं मनावर घेतलं. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि परत आला. का, तर अर्जावर अंगठे होते. बायका खचल्या नाहीत, अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी त्या पुन्हा मुंबईला साहेबांपुढे गेल्या. म्हणाल्या, आमच्या लहानपणी गावात शाळाच नव्हती, तो काही आमचा दोष नाही. वाचता येत नसलं तरी हिशेब येतो. कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, आणि तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतं! परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तिथल्या बायकांनाही मजुरी बुडवून बँकेत येणं परवडत नव्हतं, म्हणून बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली.

आपले गट बँकेत पोचले तेही याच काळात. १९९३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नोंदणी नसलेल्या गटालाही बचत खातं उघडायची वाट मोकळी केली. त्याआधी १९९२ मध्ये नाबार्डने देशभरात पाचशे गट बँकांना जोडायचं ठरवून सुरुवात केली होती. आज आपण गटाच्या नावाचं पासबुक पिशवीत घालून निघतो, ते त्यामुळे.

आता आमची गोष्ट. चिठ्ठ्यांना कंटाळून एका वर्षी आम्ही पासबुक एका ओळखीच्या माणसाकडे दिलं, तो तालुक्याला रोज जायचाच. पुढे पुस्तक छापून आणलं तर चार महिन्यांचे पैसे भरलेलेच नव्हते. पैसे वसूल झाले, पण बैठकीत जे रडणं आणि भांडण झालं ते मी विसरले नाही. तेव्हापासून नियम केला की दोघींनी जायचं, आणि दर वेळी वेगळ्या दोघींनी.

पहिल्या खेपेला माझ्याबरोबर ठाकूरवाडीतल्या एक मावशी होत्या. वय साठीपुढचं. सहा आसनी रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पदरात पैसे घट्ट धरून बसल्या. बँकेत गेलो तर दारापाशीच आपल्यासारखीच साडी नेसलेली बँक सखी बसलेली. तिने मावशींना खुर्ची दिली, पाणी दिलं, स्लिप कशी भरायची ते दाखवलं. पुस्तक छापून आल्यावर मावशींनी शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यात माझं किती?" मी सांगितलं. त्यांनी मनात बेरीज केली आणि म्हणाल्या, "बरोबर हाय." रजिस्टर मी नंतर पाहिलं, खरंच बरोबर होतं. मग कर्जत स्टेशनवर जाऊन आम्ही वडापाव खाल्ला. गाडी यायला वेळ होता आणि मावशींना घाई नव्हती. घरून निघाल्यापासून कुणी हाक मारली नाही असा दिवस किती वर्षांनी आला, हे त्या मोजत होत्या.

आता पैसे फोनवरूनही भरता येतात, बँक सखी गावातही येते. आवणीच्या दिवसांत आम्ही तसंच करतो. पण पुस्तक छापायला दोघी जातातच. पुढच्या सोमवारच्या खेपेसाठी पाचजणींनी नावं दिली आहेत, मावशींनी सगळ्यात आधी.