डिझेल इंजिनाचे नोझल व घरगुती दुरुस्तीतील धोके : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

सोलापूरच्या यंत्रयुगाचा इतिहास बहुधा १८७७ साली स्थापन झालेल्या जुन्या गिरणीपासून सांगितला जातो. गिरणीतील यंत्राजवळ फिटर असे. विहिरीवरील डिझेल इंजिनाजवळ मात्र शेतकरी एकटाच होता. या परिस्थितीतून उद्भवलेल्या एका धोक्याचा विचार येथे करावयाचा आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली ऑग्सबर्ग येथे यशस्वी झाले, तेव्हा इंधन दाबलेल्या हवेच्या झोताने सिलिंडरात सोडले जाई. त्यासाठी लागणारा अवजड कॉम्प्रेसर लहान इंजिनास परवडणारा नव्हता. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधनपंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले आणि तेलालाच प्रचंड दाब देऊन फवारण्याची पद्धत रूढ होत गेली. इंजिन सुटसुटीत झाले. परंतु तो दाब आता माणसाच्या हाताशी आला.

पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. वर्षाकाठी सुमारे ५५० मिलिमीटर पावसाच्या सोलापूर जिल्ह्यात मोटेची जागा इंजिनाने घेतली. मोटेचा नाडा तुटला तर तो शेतकरी स्वतःच सांधी. इंजिन बंद पडले आणि पीक सुकू लागले, तेव्हा त्याच स्वावलंबनाने त्याने पाना उचलला, यात नवल नाही.

नोझल मात्र नाड्यासारखे नव्हे. त्यातील सुई व तिचे घर ही एकमेकांसाठीच घासून बसविलेली जोडी असते. त्यांतील अंतर काही सहस्रांश मिलिमीटर इतकेच. धुळीचा कण सुई अडकवितो. ठिबकणारे नोझल पिस्टन जाळते. तांब्याची जुनी चकती पुन्हा बसविल्यास वायू गळतो. याहून गंभीर धोका माणसाला आहे. नोझल बाहेर ठेवून, हँडल फिरवून फवारा पाहण्याची रीत प्रचलित आहे. शेतीच्या इंजिनात हा फवारा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाबाने सुटतो व कातडी भेदून बोटात शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी असते, प्रारंभी फारशी दुखतही नाही. काही तासांनी हात सुजतो, आणि उपचारास विलंब झाल्यास बोट कापावे लागते.

अशा इजेची नोंद सी. ई. रीस यांनी १९३७ सालीच अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात केली होती. म्हणजे पुण्याच्या कारखान्यापूर्वी नऊ वर्षे. यंत्र आले, सुटे भाग आले. वैद्यकातील ते ज्ञान मात्र पाना धरणाऱ्या हातापर्यंत आपोआप पोहोचणारे नव्हते.

१९९७ पासून मोटारींत आलेल्या कॉमन रेल पद्धतीत हा दाब सुमारे दहापट झाला आहे. इंजिन थांबल्यावरही तो काही काळ टिकतो, आणि अनेक गाड्यांत नव्या इंजेक्टरचा संकेतांक नियंत्रक संगणकात नोंदवावा लागतो. मोटेपासून चालत आलेले स्वावलंबन येथे अपुरे पडते. नोझलची परीक्षा दाबमापक असलेल्या यंत्रावर, हात दूर ठेवूनच व्हावयास हवी. आणि तेल कातडीत शिरल्याची शंका येताच, वेदना नसली तरी, रुग्णालय गाठावयास हवे.

यंत्राचा प्रसार किती झाला हे मोजताना त्यासोबत धोक्याचे ज्ञान कोठवर गेले, हेही इतिहासकाराने पाहिले पाहिजे.