वाढ्याचा पैसा

ऊसतोडीचा इतिहास निघाला की टनांचे आकडे निघतात. आज आपण वाढ्याबद्दल बोलू. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. कारखान्याला नको, जनावरांना हवा.

आपल्याकडे चारा म्हणजे ज्वारीचा कडबा. पाऊस गेला की धान्याआधी वैरण संपते. 1950 नंतर प्रवरानगरपासून सहकारी कारखाने वाढत गेले, तोडीला माणसं लागली. 1972 च्या दुष्काळानंतर तर आपल्या डोंगरपट्ट्यातली कितीतरी घरं दिवाळीच्या आगेमागे गाडीबैल घेऊन निघू लागली. फडात बैलांना वाढं मिळायचं. म्हणजे पोटाबरोबर बैल जगवायलाही आपण गेलो, हे फारसं कुणी सांगत नाही.

बैलांना घालून उरलेलं वाढं विकायची रीत पडली. पुणे, सांगली, कोल्हापूर या शहरांना दूध पुरवणाऱ्या गोठ्यांना हिरवी वैरण लागतेच. गोठेवाले फडावर किंवा कोप्यांवर येतात, पेंढ्या मोजून नेतात. ऊस तोडायला नवरा-बायको दोघं. पण मोळ्या बांधणं, वाढ्याच्या पेंढ्या करणं, त्या डोक्यावर वाहणं, हे बहुतेक बाईकडे. तोडीचे पैसे मुकादमाच्या उचलीत फिटतात. वाढ्याचे रोख हातात पडतात, त्यावर मीठ-मिरची, किराणा, लेकराचं औषध भागतं. कुठे शेतमालकही वाढ्यात वाटा मागतो. सगळं तोंडी. जोडप्याला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात, हिशेब बहुधा नवऱ्याच्या नावावर. वाढं तर त्या हिशेबातही नाही.

इकडे घरी काय झालं? संकरित ज्वारी आली, तिचं ताट आखूड. मग कापूस आणि सोयाबीननं ज्वारीचं रान घेतलं, कडब्याचं बुचाड लहान झालं. 2019 च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या लागल्या आणि दावणीत ऊस पडला, तोही बराचसा बाहेरून ट्रकनं आणलेला. जो ऊस तोडायला आपण परमुलखात जातो, तोच आपल्या गाईपुढे! हसावं की रडावं, आम्हाला कळलं नव्हतं.

यंदा तोडीला जाणाऱ्या बायांना आमचं एकच सांगणं आहे. रोज पेंढ्या किती बांधल्या, दर काय मिळाला, पैसे कुणाच्या हातात गेले, हे छोट्या वहीत टिपा. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. परत आल्यावर गटाच्या पहिल्या बैठकीत त्या वह्या उघडू.