पौर्णिमेचा चंद्र सपाट का दिसतो? गेममधील ग्रहांच्या उजेडाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने अंतराळातील गेमसाठी चंद्र तयार केला. पौर्णिमेचा तो चंद्र कडेपर्यंत सारखाच उजळ, ताटासारखा सपाट दिसत होता. "गोलाई कुठे आहे? कडा अंधुक कर," असे सांगून मी गुण कापले. चूक माझी होती. ती कशी, हे कळण्यासाठी थोडा इतिहास पाहू या.

योहान लँबर्ट यांनी १७६० साली एक नियम मांडला. प्रकाशकिरण पृष्ठभागाच्या लंबाशी जो कोन करतो, त्याच्या कोसाइनच्या प्रमाणात पृष्ठभाग उजळतो. पाहणारा कोठे आहे याने फरक पडत नाही. हे गणित संगणकाला सोपे, म्हणून ग्राफिक्समध्ये हाच नियम रुजला. खडूच्या गोळ्याला तो बराचसा लागू पडतो.

चंद्राला मात्र पडत नाही. लँबर्टच्या नियमाने अर्धा चंद्र पूर्णचंद्राच्या ३२ टक्के प्रकाश देईल. प्रत्यक्षात तो सुमारे दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी देतो. चंद्रावर धूळ आणि दगडगोटे आहेत. अष्टमीला त्यांच्या असंख्य बारीक सावल्या आपल्याला दिसतात. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि प्रत्येक सावली आपापल्या कणामागे दडते. शिवाय कडेजवळही कणांच्या काही बाजू आपल्याकडे वळलेल्या असतात, म्हणून कडा उजळच राहते.

व्हॉयेजर यानांचे चित्रपट संगणकावर करणाऱ्या जिम ब्लिन यांनी १९८२ साली ढग आणि धुळीच्या परावर्तनाची सूत्रे ग्राफिक्समध्ये आणली. त्यांच्यापुढे शनीची कडी होती. १९८४ साली 'एलिट' हा गेम आला, पण त्यातले ग्रह म्हणजे रेषांनी काढलेली वर्तुळे. त्याच वर्षी श्री नायर रांचीजवळच्या मेसरा येथील बिर्ला इन्स्टिट्यूटमधून अभियंता झाले. पुढे १९९४ साली कोलंबिया विद्यापीठात त्यांनी मायकेल ओरेन यांच्यासह खडबडीत पृष्ठभाग म्हणजे बारीक खाचांचा समूह मानून नवे सूत्र दिले. पूर्णचंद्राचा सपाटपणा त्यातून उलगडतो.

वातावरण असलेल्या ग्रहाचे गणित आणखी अवघड, कारण हवेतच प्रकाश विखुरतो. २००८ साली ब्रुनेटन आणि नेरे यांनी हे विखुरणे आधीच मोजून कोष्टकांत साठवण्याची रीत दिली, आणि गेम चालू असताना सूर्यास्त अधिक खरा दाखवणे सोपे झाले.

अंतरही विसरू नका. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे, म्हणजे तिथे ऊन सुमारे २७ पट कमी. गेममध्ये कॅमेऱ्याचे एक्स्पोजर त्यानुसार बदलावे लागते. रात्रीची बाजू खरोखर काळी ठेवली तर खेळाडूला यान उतरवता येत नाही, म्हणून तिथे थोडा खोटा उजेड देतात. तो कळून दिलेला असावा, एवढेच.

स्वाध्याय : येत्या अष्टमीला आणि पौर्णिमेला गच्चीवरून चंद्र पाहा आणि कडेचा उजळपणा टिपून ठेवा. मी महाराजपूरच्या गच्चीवरून हे केले, पण निकाल लागून गेल्यावर. त्या विद्यार्थ्याचे गुण परत देता आले नाहीत. तुम्ही सूत्र निवडण्याआधी आकाशाकडे पाहा.