एका घंटेचे गाणे होत नाही

नाशिकच्या बाळ येशूच्या यात्रेला खानदेशातून आपली कुटुंबे दरवर्षी जातात. जळगाव-भुसावळकडची मंडळी रेल्वेने, तर धुळ्याकडची एस.टी.ने. नवस फेडून झाला की त्यांतील काही जण सवडीने पंचवटीकडेही फेरी मारतात. तेथे गोदातीरी नारोशंकराचे मंदिर आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते १७४७ मध्ये बांधले. त्याच्या दर्शनी भागी टांगलेली भली मोठी घंटा साऱ्या नाशकाला ठाऊक आहे. गोदावरीला पूर आला की पाणी कोठवर चढले हे सांगताना लोक आजही तिचे नाव घेतात. ती घंटा पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून घाटावर आल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यालगतच्या घाटावर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियामातेची प्रतिमा आहे. भीमाशंकरलाही तशीच घंटा लोकांच्या परिचयाची आहे. वसईला ज्या घंटा मिस्साबलीचे बोलावणे करीत, त्या येथे आरतीचे बोलावणे करू लागल्या. धर्म बदलला, गाव बदलले, पण घंटेचे काम बदलले नाही. ती हाक मारते.

हाक आणि गाणे यांत अंतर आहे. हाकेला एक स्वर पुरतो, गाण्याला अनेक स्वर लागतात, आणि ते एकमेकांना ओळखणारे असावे लागतात. एका स्वराची ही घंटा गाऊ कशी लागली, आणि त्या कथेतून आपल्या धर्मग्रामांतील मुलांना काय घेता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

घंटेचे कासे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. टोला पडला की एकच स्वर निघतो असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात निघतो तो स्वरांचा घोळका. खाली एक मंद गुंजन असते, वर मुख्य स्वर, त्याच्या संगतीला कोमल गंधार, पंचम आणि वरचा षड्ज. हे सारे एकमेकांशी जुळलेले नसतील तर दोन घंटा शेजारी वाजताच कानाला खुपतात. नेदरलँड्समध्ये फ्रान्स्वा व पीटर हेमोनी या बंधूंनी, याकोब व्हान आइक या अंध संगीतज्ञाच्या साहाय्याने, घंटेच्या आतील धातू खरवडून हे स्वर जुळविण्याची विद्या साधली. झुत्फेन गावासाठी त्यांनी १६४४ मध्ये केलेला संच हा नीट स्वरांत लावलेला पहिला घंटासंच मानला जातो. पुढे ती विद्या जवळजवळ लोपली. इंग्लंडमध्ये टेलर यांच्या ओतशाळेने ती १८९६ मध्ये पुन्हा हाती घेतली. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या आठ घंटा याच ओतशाळेतून १९०४ मध्ये आल्या.

मुंबईच्या राजाबाई मनोऱ्यात १८७८ पासून सोळा घंटा आहेत. एके काळी त्या यंत्राच्या साहाय्याने निरनिराळ्या सुरावटी वाजवीत. पुण्याच्या पाच हौद मिशनमधील पवित्र नाम मंदिराची कथा वेगळी आहे. ज्या मिशनमध्ये १८९० साली चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांवर ग्रामण्य ओढवले, तेच हे मिशन. आपल्या अँग्लिकन बांधवांचे हे मंदिर १८८५ मध्ये समर्पित झाले, आणि पुढे त्याच्या उंच मनोऱ्यात इंग्लिश पद्धतीने दोर ओढून वाजवायच्या आठ घंटा बसल्या.

या पद्धतीत प्रत्येक घंटा चाकाला बांधलेली असते व पूर्ण वर्तुळात फिरते. एवढे वजन एकदा फिरू लागले की त्याला मनास येईल तेव्हा थांबविता येत नाही. फार तर किंचित लवकर किंवा किंचित उशिरा आणता येते. अशा घंटेवर धून वाजविणे अशक्यच. म्हणून इंग्लंडच्या घंटावादकांनी सतराव्या शतकात निराळाच मार्ग काढला. प्रत्येक फेरीत घंटांचा क्रम एकेका जागेने पालटावयाचा आणि कोणताही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. १६६८ मध्ये या विद्येचा पहिला ग्रंथ छापला गेला. आठ घंटांचे असे ४०,३२० क्रम होतात. ते सारे आठ माणसांनी न थांबता, न बदलता वाजविल्याची घटना १९६३ मध्ये टेलर यांच्याच लफबरो येथील ओतशाळेत घडली. त्यास सुमारे १८ तास लागले.

हे क्रम पाठ करण्यासाठी रोज मनोऱ्यात चढावे तर थंडीवारा सोसावा लागे, आणि घंटांच्या सरावाने सारा गाव कावून जाई. म्हणून वादक घरात बसून लहान हातघंटांवर सराव करू लागले. विल्टशरमधील आल्डबर्न गावच्या विल्यम व रॉबर्ट कोर या ओतकाम करणाऱ्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी या हातघंटांना रूप दिले. लोलकाला चामड्याचे मऊ तोंड आले, आणि तो वाटेल तसा न लोंबता एकाच रेषेत हलू लागला. सरावाचे साधन हातात आले आणि वादकांच्या ध्यानी आले की, मनोऱ्यात जे जमत नाही ते येथे जमते. येथे धून वाजविता येते. १८४० च्या दशकात बार्नम या अमेरिकन तमासगिराने लँकाशरच्या वादकांना स्वित्झर्लंडचे म्हणून मिरविले, एवढे त्यांचे आकर्षण वाढले होते. बॉस्टनच्या मार्गारेट शरक्लिफ यांनी १९२३ मध्ये आपला वृंद उभा केला. पुढे ही कला अमेरिकेतील चर्चमध्ये पसरली व १९५४ मध्ये तेथे हातघंटावादकांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला.

आता आपल्या अंगणात येऊ. खानदेशातील एका लहान धर्मग्रामात असताना हातघंटांचा एक छोटा संच माझ्याकडे आला. मी बारा मुलांना प्रत्येकी एक घंटा दिली, पुठ्ठ्यावर आकडे लिहिले, आणि काठीने आकडा दाखवू लागलो. महिनाभरात एकही चूक होईना. तरी ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. एक वृद्ध बाई सहज म्हणाल्या, "फादर, पोरे हजेरी दिल्यासारखी वाजवतात." त्यांचे बोलणे मला लागले, कारण ते खरे होते. आणि दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना आपापला आकडा ओळखावयास शिकविले होते, गाणे कोणी शिकविलेच नव्हते.

मग घंटा मेजावर ठेवल्या आणि आधी गाणे गावयास घेतले. सर्वांनी सारी ओळ म्हणावयाची. श्वास कोठे घेतो ते पाहावयाचे, कोणत्या शब्दावर भार येतो ते पाहावयाचे. त्यानंतर ज्याचा स्वर असेल त्याने तेवढाच गावयाचा, इतरांनी मनात. एका मुलाच्या तोंडून सुटलेला स्वर दुसऱ्याने झेलावा तशी ओळ पुढे सरकू लागली. घंटा हाती आल्यावरही हेच झाले. पूर्वी प्रत्येक जण काठीकडे पाही, आता शेजाऱ्याकडे पाहू लागला.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मोठी घंटा रेंगाळते, लहान लवकर विझते. खालचे स्वर वेळेवर खांद्याला टेकवून मिटविले नाहीत, तर सारी ओळ गढूळ होते. हे मुलांना समजावताना मला पाश्चात्त्य ग्रंथ उपयोगी पडला नाही, आपला टाळकरी उपयोगी पडला. टाळ कधी मोकळा सोडावा आणि कधी दाबून धरावा, हे वारकऱ्याच्या हाताला पाठ असते. तिसरी गोष्ट जोराची. घंटा हिसडून वाजवू नये, हात पुढे वळवीत नेऊन स्वर सोडावा. मोठ्याने वाजविणे सोपे आहे. हलके वाजवूनही वेळ न चुकविणे हीच परीक्षा. पोळ्याला सजलेले बैल संथ पावले टाकीत येतात तेव्हा गळ्यातल्या घंटा कशा मंद बोलतात, हे खानदेशी मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

पवित्र शास्त्रात अहरोनाच्या झग्याच्या घेराला सोन्याच्या घुंगरांची झालर आहे. याजक पवित्रस्थानी आत जाताना व बाहेर येताना तिचा नाद ऐकू यावा असा तेथे नियम आहे. व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान देण्यास सांगितले. परदेशी घंटेवर अहिराणी चाल वाजली तर ती त्या शिकवणुकीला धरूनच होईल, असे मला वाटते.

पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर आपल्या घंटा मुक्या होतात. त्या पास्काजागरणाच्या ग्लोरियालाच पुन्हा बोलतात. त्या वर्षी त्या रात्री बारा मुलांनी वेदीजवळ उभे राहून घंटा वाजविल्या. एका मुलीचा स्वर साऱ्या धुनेत अवघा दोनदा येत होता. त्या दोन क्षणांसाठी ती आरंभापासून अखेरपर्यंत ओठांनी सारे गाणे म्हणत उभी होती.

आज कित्येक ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून घंटेची मुद्रित धून लावली जाते. ती बेसूर होत नाही, तिला सरावही लागत नाही. परंतु तिच्यात कोणी कोणाची वाट पाहत नाही. ज्या धर्मग्रामाला चार-सहा हातघंटा मिळतील, त्याने त्या कपाटात ठेवू नयेत. मुलांना आधी गाणे शिकवावे, मग घंटा द्यावी. आपला स्वर थोडा असला तरी गाणे सर्वांचे आहे, हे त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.