उणे ८२ : एका आकड्याची गोष्ट

मंडळी, आज जरा वेगळा विषय. क्रिकेट नाही, बर्फावरची हॉकी.

माझा पुतण्या टोरांटोत असतो. त्याच्या नादानं दोन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन हॉकी लीगमध्ये संघ घेतला. खेळाडू खरे, सामने मात्र कॉम्प्युटर खेळवतो. प्रत्येक खेळाडूला नेमबाजी, पास, बचाव, शिस्त असे ९९ पैकी गुण. ते येतात मागच्या हंगामाच्या आकडेवारीतून. गोल जास्त तर नेमबाजी वाढते, असिस्ट जास्त तर पास वाढतो, पेनल्टीत जास्त मिनिटं बसलात की शिस्त घटते. इथपर्यंत सोपं. खरी गोची बचावाची. न झालेला गोल मोजायचा कसा?

आमची लीग त्यासाठी ‘प्लस-मायनस’ धरायची. हा हिशोब मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघानं १९५० च्या दशकात सुरू केला आणि १९६७-६८ पासून एनएचएलनं तो अधिकृत केला. तुम्ही बर्फावर असताना संघानं गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर उणे एक. समोरचा माणूस पेनल्टीत बसल्यामुळे आपली माणसं जास्त असताना केलेला गोल यात धरत नाहीत. १९७०-७१ मध्ये बॉबी ऑरचा आकडा होता अधिक १२४. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

आता दुसरं टोक बघा. १९७४-७५, वॉशिंग्टन कॅपिटल्सचा पहिलाच हंगाम. जुन्या संघांनी राखून न ठेवलेले खेळाडू घेऊन उभा केलेला संघ. ८० सामन्यांत ८ विजय. गोल केले १८१, खाल्ले ४४६. त्यातला बचावपटू बिल मिकेल्सन ५९ सामने खेळला आणि त्याच्या नावावर लागले उणे ८२. एका हंगामातला हा आजवरचा सर्वांत वाईट आकडा.

गंमत म्हणून मी त्याला आमच्या सूत्रात घातलं. अर्थातच बचावात तळाला! पुतण्या म्हणाला, “काका, आकडा खोटा नाहीये.” म्हटलं, “अरे, खोटा नाही, पण एकट्याचाही नाही. सगळी नाव बुडत होती, आणि पाणी याच्या नावावर मांडलंय.”

बरीच वादावादी झाली. शेवटी लीगनं सूत्र बदललं. आता खेळाडू बर्फावर नसताना संघाचं काय होत होतं, हे आधी बघतात आणि त्याच्याशी तुलना करतात. सामने कमी असतील तर गुण सरासरीकडे ओढतात, म्हणजे चार दिवसांच्या नशिबावर कुणी हिरो किंवा झिरो ठरत नाही.

मला यात एवढा रस का? तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. दहावीचा निकाल लागला की विषयवार टक्के फळ्यावर लागायचे, शेजारी शिक्षकाचं नाव. पोरगं नववीत काय घेऊन आलं होतं, घरी अभ्यासाला जागा होती का, याला रकानाच नव्हता. खेळातलं सूत्र आम्ही महिन्याभरात बदललं. तो फळा मात्र मी निवृत्त होईपर्यंत तसाच होता.

तुमच्याकडे असा एखादा फळा आहे का? कमेंटमध्ये जरूर लिहा.