परदेशातल्या जुन्या हवेलीत लग्न करायचंय? हॉल बुक करण्याआधी कायदा समजून घ्या

सटाण्यात लग्न म्हटलं की लॉन्स, हजारभर पत्रिका, दारात मांडव आणि भाऊबंदांच्या पंगती हे सगळं ठरलेलं असतं. पण मुलगा लंडनला नोकरीला आहे आणि मुलीने इन्स्टाग्रामवर इंग्लंडमधल्या जुन्या हवेलीतल्या लग्नाचं रील पाहिलंय, असं झालं तर घरातली चर्चा वेगळ्या वळणावर जाते. हिरवळ, दगडी जिने, दोनशे-तीनशे वर्षांची इमारत, मोजकेच पाहुणे. खर्चाचं गणित सगळेच मांडतात. पण तिथे झालेलं लग्न कायद्याने लग्न धरलं जाईल का, हा प्रश्न फार कमी जण विचारतात.

या हवेल्या लग्नासाठी का मिळतात?

इंग्लंडमध्ये जमीनदार, सरदार घराण्यांच्या गावाकडच्या मोठ्या घरांना 'कंट्री हाऊस' म्हणतात. वारसा कर आणि देखभालीचा खर्च यांमुळे विसाव्या शतकात ही घरं सांभाळणं अनेक कुटुंबांना जड गेलं. काही घरं पाडली गेली, काही विकली गेली, काही पर्यटकांसाठी खुली झाली. पुढे १९९४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये परवाना घेतलेल्या जागेत नोंदणी विवाह लावायला मुभा मिळाली आणि या घरांना उत्पन्नाचा नवा मार्ग सापडला. विन्स्टन चर्चिल यांचा जन्म झाला तो ब्लेनहाइम पॅलेस जागतिक वारसा स्थळ आहे, तरी तिथेही लग्नसमारंभ होतात.

आपल्याकडे हा ट्रेंड सेलिब्रिटींमुळे पोहोचला. विराट कोहली आणि अनुष्का शर्माने ११ डिसेंबर २०१७ रोजी इटलीतल्या टस्कनीत, बोर्गो फिनोकिएतो या जुन्या वस्तीत लग्न केलं. पुढच्याच वर्षी दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंगने लेक कोमोच्या काठावरचा व्हिला देल बालबियानेल्लो निवडला. तिथे एक विधी कोकणी पद्धतीने झाला.

समारंभ वेगळा, लग्न वेगळं

विराट-अनुष्काच्या लग्नानंतर काही आठवड्यांतच, माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तराच्या आधारे बातम्या आल्या. रोममधल्या भारतीय दूतावासाकडे 'परदेशी विवाह कायदा, १९६९' खाली या लग्नाची माहिती नव्हती. मग हे लग्न वैध आहे का, यावर बरीच चर्चा झाली.

इंग्लंडमधलं एक उदाहरण जास्त गंभीर आहे. १९९८ मध्ये लंडनमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये एका जोडप्याचा निकाह झाला, पण कायदेशीर नोंदणी विवाह झालाच नाही. पुढे संसार मोडला. २०२० मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या नजरेत हा विवाहच नाही. असा निकाल लागला की घटस्फोटात पत्नीला मिळणारे आर्थिक हक्कही जातात. हवेलीत गुरुजींनी सप्तपदी केली, पण नोंदणी झाली नाही, तर इंग्लंडच्या कायद्यात तोच पेच उभा राहू शकतो.

कोणत्या देशात काय अट?

- इंग्लंड, वेल्स: तिथे कायदेशीर लग्न लावायचं तर साधा टुरिस्ट व्हिसा चालत नाही. 'मॅरेज व्हिजिटर' व्हिसा लागतो. नोटीस देण्याआधी तिथे किमान ७ दिवस राहावं लागतं आणि नोटिशीनंतर किमान २८ दिवस थांबावं लागतं. परवाना असलेल्या जागेतल्या नोंदणी विवाहात धार्मिक विधी मिसळता येत नाहीत. ते वेगळे करावे लागतात.
- फ्रान्स: कायदेशीर लग्न नगरपालिकेतच लागतं. वधू-वरांपैकी एकाचा किंवा त्यांच्या पालकांचा त्या गावाशी वास्तव्याचा संबंध लागतो. त्यामुळे परदेशी जोडप्यांचं शॅटोमधलं लग्न बहुधा फक्त समारंभ असतो.
- इटली: लग्नाला अडथळा नसल्याचा दाखला लागतो. नोंदणी विवाह पालिकेच्या सभागृहात किंवा पालिकेने ठरवलेल्या जागीच लागतो.
- भारतीय दूतावासात: १९६९ च्या कायद्याखाली लग्न लावता येतं, पण नोटिशीआधी दोघांपैकी एकाने त्या देशात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं.

मग सोपा रस्ता कोणता?

बहुतेक कुटुंबांसाठी कायदेशीर लग्न घरी आणि सोहळा परदेशात हाच सोपा मार्ग आहे. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला, विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांपैकी एकाचं नाशिक जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असेल तर इथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देता येते. ३० दिवसांत वैध हरकत आली नाही, तर अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर पुन्हा नोटीस द्यावी लागते. 'या कायद्याने लग्न केलं तर शेतीच्या वारशाचं काय?' असं घरातले मोठे विचारतात. वधू-वर दोघंही हिंदू असतील तर वारसा हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच ठरतो.

दुसरा, घरी मोजक्या माणसांत विधीपूर्वक लग्न करून त्याची नोंदणी करणं. इथे एक चूक टाळा. व्हिसासाठी घाई म्हणून काही जण विधी न करताच हिंदू विवाहाचं प्रमाणपत्र काढतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न होत नाही.

घरी लग्न झालं असेल तर परदेशातला कार्यक्रम हा सोहळा ठरतो. व्हिसा अर्जात जाण्याचं कारण जसं आहे तसंच लिहा.

मुहूर्त, होम आणि अक्षता

युरोपात हवेलीतल्या लग्नांचा हंगाम उन्हाळ्यात असतो आणि त्यातला बराचसा काळ आपल्या चातुर्मासात येतो. मुहूर्त पाहणाऱ्या घरांनी आधी पंचांग उघडावं, मग हवेलीची तारीख विचारावी. गोरज मुहूर्त हवा असेल तर लक्षात ठेवा, जूनमध्ये लंडनला सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या सुमारास.

जुन्या इमारतींचे नियम कडक असतात. साल्हेरचा किल्ला २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तिथे आपण मांडव घालू का? तीच काळजी त्यांना त्यांच्या वास्तूची असते. म्हणून हे प्रश्न लेखी विचारा:

- होम आत करता येईल की फक्त बाहेर, मोकळ्या जागेत?
- अक्षता टाकता येतील का? अनेक ठिकाणी तांदळाला मनाई असते, फुलांच्या पाकळ्या चालतात.
- हळदीचा कार्यक्रम कुठे? गालिचा पिवळा झाला तर भरपाई कोणाची?
- ढोल-ताशा किंवा डीजे किती वाजेपर्यंत?
- बाहेरचा आचारी चालेल का?
- पाऊस आला तर पर्यायी जागा कोणती?

पैशांचा हिशेब

इंग्लंडमधल्या कोटेशनमध्ये २० टक्के व्हॅट धरलाय का, हे आधी विचारा. भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. ठरावीक मर्यादेनंतर त्यावर टीसीएस कापला जातो. त्याचे दर बदलत असतात, म्हणून सीएला विचारूनच पैसे पाठवा. रद्द करण्याच्या अटी वाचल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतील का, हे करारात असलंच पाहिजे.

गावाकडच्यांचं काय?

आजीचा पासपोर्ट आहे का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. नसेल तर पासपोर्ट, मग इंग्लंडच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुण्याची फेरी आणि त्यानंतर लांबचा विमानप्रवास. सगळ्यांना हे झेपत नाही आणि मोजक्या पाहुण्यांच्या यादीत सगळा गोतावळा बसतही नाही.

म्हणूनच घरी लग्न करण्याचा आणखी एक फायदा आहे. ज्यांना विमानात बसता येणार नाही, ते आजी-आजोबा, मामा, आत्या खऱ्या लग्नाला हजर असतात. त्यांच्यासमोर मंगलाष्टका होतात, साक्षीदार म्हणून त्यांच्याच सह्या होतात. हवेलीतले फोटो नंतरही काढता येतात.