शेंदरी बोंडअळीची बखर

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे हेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्यांना ना सिंहासन ना तलवार, अशा क्षुद्र जीवांनींही मनुष्याच्या संसाराची कमी उलथापालथ केलेली नाहीं. वऱ्हाडांतील कोणाही कास्तकारास विचारावें. अर्ध्या इंचाच्या शेंदरी बोंडअळीनें त्याची जेवढी झोप उडविली आहे, तेवढी कोणा पेंढाऱ्यानेंही उडविली नसेल. या अळीची बखर भडोचेस सुरू होते, टेक्ससपर्यंत जाते, आणि फिरून आपल्याच दारीं येते.

लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हिंदुस्थानांतून मिळावा म्हणून कंपनी सरकारानें १८४० सालीं अमेरिकेंतून कांहीं मळेवाले येथें आणविले. त्याच धामधुमींत, १८४२ च्या सुमारास, भडोचच्या सरकारी कापूसमळ्यांत बोंडें पोखरणारी एक अळी आढळली. तिचे नमुने विलायतेस गेले व सॉण्डर्स नामक कीटकशास्त्रज्ञानें तिचें शास्त्रीय वर्णन केलें. पुढें व्यापारानें तिला आगबोटीचें भाडें फुकट दिलें. ही अळी सरकीच्या दोन दाण्यांस एकमेकांशीं चिकटवून त्यांच्या पोटांत महिनेच्या महिने निपचित पडून राहते; यामुळें सरकी जाईल तेथें ती जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ती हिंदुस्थानच्या कापसाबरोबर मिसर देशीं गेली, मिसरी सरकीबरोबर १९११ सालीं मेक्सिकोंत उतरली, आणि १९१७ सालीं टेक्ससमध्यें सांपडली.

इकडे स्वराज्य आलें तेव्हां आपल्या देशांतील बहुतेक कपाशी देशी वाणांची होती. फाळणीनें सिंध-पंजाबांतील लांब धाग्याचा मुलूख गेला, गिरण्या मात्र येथेंच राहिल्या. अमेरिकन वाणांचा प्रसार वाढला; १९७० सालीं सुरतेस ‘एच-४’ हा संकरित वाण निघाला. उत्पन्न वाढलें खरें, पण पिकाचा हंगाम लांबला, आणि लांबलेला हंगाम म्हणजे किडीला वाढलेलें ताट. १९८० नंतरच्या दशकांत नव्या कीटकनाशकांचा मारा सुरू झाला. थोड्याच वर्षांत अमेरिकन बोंडअळीला तीं विषें पचूं लागलीं. विष वाढलें, कर्ज वाढलें, अळी राहिलीच.

२००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली. प्रारंभीं फवारण्या खरोखरच कमी झाल्या. हें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु शेंदरी अळीनें २०१० पर्यंत गुजरातेंत पहिल्या बीटी जनुकास आणि पुढें दोन जनुकांच्या वाणासही दाद देणें सोडलें. २०१७ सालीं विदर्भांत बोंडें किडलीं. बोंडांत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोंचत नाहीं. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले.

आतां ॲरिझोनाकडे पाहावें. अळी तीच, बीटीची युक्तीही तीच. पण तेथें बहुतेकांनीं शेजारीं बिनबीटी कपाशी राखली, हंगाम संपतांच पऱ्हाट्या नांगरून गाडल्या, आणि २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानांतून सोडले. २०१८ सालीं अमेरिकेच्या कृषिखात्यानें ही अळी तेथील कपाशीच्या मुलखांतून नाहींशी झाल्याचें जाहीर केलें. आमच्याकडे बियाण्याच्या पिशवीसोबत मिळणारी १२० ग्रॅम बिनबीटी सरकी बहुतेकांनीं बांधावर फेकून दिली, आणि पाण्याची सोय असेल तेथें फरदड घेऊन अळीला उन्हाळ्यापर्यंत पोसलें.

यावरून शेतकऱ्यास अडाणी ठरविण्याचा मोह होतो. आम्हांसही तो एकदां झाला होता. यवतमाळकडे शेती करणारा आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला असतां आम्हीं त्यास फरदडीचे तोटे ऐकविले. तो शांतपणें म्हणाला, “सर, तोटे मला पाठ आहेत. पण मुलीची फी मार्चमध्यें भरायची असते, आणि मार्चमध्यें माझ्या घरीं येणारा पैसा तेवढाच.” आमचें व्याख्यान तेथेंच थांबलें. शेंकडों एकरांच्या धन्यास जो नियम परवडतो, तो चार एकरांच्या मालकास परवडेलच असें नाहीं; आणि एकट्यानें फरदड सोडली तरी शेजाऱ्याचे पतंग बांध ओळखीत नाहींत.

म्हणून उपाय एकट्याचा नव्हे, गांवाचा हवा. १९९८ च्या सुमारास नांदेड जिल्ह्यांतील आष्टा गांवीं अमेरिकन बोंडअळीविरुद्ध असा प्रयोग झाला: निंबोळी अर्क, मित्रकीटक आणि पक्ष्यांसाठीं थांबे यांची जोड देऊन सबंध गांवानें विषावरचा भार हलका केला. १९७६ सालीं नागपुरास स्थापन झालेली केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही कमी मुदतीचे वाण, कामगंध सापळे, डोमकळ्या वेंचून नष्ट करणें व वेळेवर शेत मोकळें करणें हेंच सांगत आली आहे. यांतलें कांहींच दिपवून टाकणारें नाहीं.

पावणेदोनशें वर्षांच्या या बखरींत आम्हांस एकच गोष्ट पुनःपुन्हां दिसते. दर पिढीनें अळीवर एक रामबाण शोधला, आणि दर वेळीं अळीनें तो पचविला. तिला उपाशी ठेवणारा रिकाम्या शेताचा काळ तेवढा तिला अजून पचविता आलेला नाहीं. तो काळ पाळण्याची शक्ति शेतकऱ्यास द्यावयाची, तर मार्च महिन्यांतील त्या फीची तजवीज आधीं करावी लागेल. हें काम कीटकशास्त्राचें नव्हे. तें आपणां सर्वांचें आहे.